डाव्या पायातला मोजा

"हा झाला. आता दुसरा द्या," ग्लॅडिस म्हणाली.

"दुसरा कशाला? फादर एकच धुतात," बाबा म्हणाले.

पवित्र सप्ताहातला मंगळवार होता. माझी मोठी बहीण ग्लॅडिस खास बाबांचे पाय घासायला सासरहून आली होती. ओटीवर तिने सगळी तयारी मांडली होती: घमेल्यात कोमट पाणी, वज्री, अर्धं लिंबू, कपड्याचा साबण आणि भांडी घासायची काथ्याची चोथरी. बाबांचा उजवा पाय घमेल्यात होता. डावा खुर्चीखाली, करड्या लोकरी मोज्यात. एप्रिल महिन्यात वसईला लोक अंगावरची बनियनसुद्धा उपकार केल्यासारखी घालतात, आणि आमचे बाबा लोकरी मोजा घालून बसले होते. तोही एकच.

"बाबा, एक पाय गोरा आणि एक काळा, असं बरं दिसतं का?"

"दुसरा मोज्यात आहे. मोज्यात कोणाला दिसतोय?"

ग्लॅडिसने माझ्याकडे पाहिलं. मी घमेल्याकडे पाहिलं. पाणी शेतातल्या पाटासारखं झालं होतं.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे मी ते पुस्तकी मराठीत लिहितो आहे. त्यामुळे बाबांचे टोमणे जरा सभ्य वाटतील, त्याला इलाज नाही.

पवित्र गुरुवारी आमच्या चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी असतो. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून फादर गावातल्या बारा पुरुषांचे पाय धुतात. गुडघे टेकतात, पाणी घालतात, पुसतात आणि पायाचं चुंबन घेतात. धन्याने चाकराची सेवा करावी, असा त्याचा अर्थ. गावाने त्यात एक सुधारणा केली होती. धुतल्या जाणाऱ्या पायाला मळ लागलेला असणं ही घराण्याची बेअब्रू, असं ठरवलं होतं. त्यामुळे ज्यांची नावं लागत, ते आठवडाभर पाय घासत. फादरांच्या हाती पाय येईस्तोवर त्यात धुण्यासारखं काही उरत नसे. आणि विधीत उजवाच पाय धुण्याची आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत असल्यामुळे, लोक घासतही उजवाच.

त्या वर्षी नवीन आलेले फादर ऑस्टिन बाबांना विचारायला घरी आले, तेव्हा बाबा नाही म्हणतील याची मला खात्री होती. ऑगस्टमध्ये आई गेल्यापासून ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसत आणि मिस्सा संपायच्या आत उठून येत. पण त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला.

"उजवाच धुता ना?"

"इथे तशी रीत आहे म्हणतात."

"मग येतो."

बाबांनी शेवटची, बारावी खुर्चीही आपणहून मागून घेतली. ती गावाच्या हिशेबाने जुदासची, म्हणजे येशूला धरून देणाऱ्या शिष्याची खुर्ची. तिच्यावरून दरवर्षी भांडणं होत. "डुमिंग तुस्कानोला काय फरक पडतो," बाबा स्वतःचंच नाव घेऊन म्हणाले, "मला कडेला बसायला बरं."

हे सगळं हसण्यासारखं होतं, आणि आम्ही हसलोही असतो. पण त्या मोज्याने आमची झोप उडवली होती. आई गेल्यापासून बाबांनी तो पाय कोणाला दाखवला नव्हता. रात्री मोजा, दिवसा मोजा. वाडीत केळींना पाणी सोडतानाही डाव्या पायात मोजा आणि वर प्लास्टिकची पिशवी. आंघोळीलाही तीच पिशवी, आणि तो पाय स्टुलावर. मोजे धुवायचे तेही स्वतःच, आणि वाळत घालायचे गोठ्यामागे. डॉक्टरांनी बाबांना साखर जरा सांभाळा म्हटलेलं होतं. आमच्या आजोबांचा पाय साखरेच्याच रोगाने गुडघ्यापासून काढावा लागला होता, आणि तेही शेवटपर्यंत "काही नाही, काटा बोचलाय" असंच म्हणत होते. आईच्या दुखण्यात इस्पितळाच्या इतक्या पायऱ्या झिजवल्यावर बाबा पुन्हा डॉक्टरचं नाव काढू देत नव्हते. मी त्यांच्याबरोबर एकाच छपराखाली राहत होतो, लग्न व्हायचं होतं, बँकेतून आलो की आम्ही दोघंच. मी दर दोन दिवसांनी विचारायचो, "बाबा, पायाला काय झालंय?" ते म्हणायचे, "काही नाही." मी वास घेत घेत जेवायचो.

म्हणजे ग्लॅडिस पाय घासायला आलीच नव्हती. ती पाय बघायला आली होती.

तिने शेवटचा प्रयत्न म्हणून खाली वाकून मोज्याला हात घातला. बाबांनी पाय मागे घेतला, इतक्या झटकन की घमेलं कलंडलं आणि सगळं पाणी तिच्या साडीवर गेलं.

"ग्लॅडी," ते हळूच म्हणाले, "तेवढा सोड."

बाबांचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. ते मागत होते.

ग्लॅडिस साडी पिळत परसात आली. तिचे डोळे भरले होते. "सडलाय तो पाय, विल्सन. आठ महिने तू काय करत होतास?"

"विचारत होतो."

"विचारत होता म्हणे." तिने पदर खोचला आणि त्याच ओल्या साडीने चर्चच्या दिशेने निघाली. तासाभराने परत आली. मी खोदून विचारल्यावर एवढंच म्हणाली, "फादरना सांगितलं. ते बघतो म्हणालेत."

फादर काय बघणार, हे मला गुरुवारी संध्याकाळी कळलं.

पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. मी पॅरिश कौन्सिलवर नुकताच बिनविरोध निवडून आलो होतो, म्हणजे दुसरं कोणी उभं राहिलं नव्हतं. पितळी जग घेऊन मी वेदीपाशी उभा होतो. बारा शिष्य पांढऱ्या सदऱ्यात खुर्च्यांवर बसले होते, उजवे पाय पुढे करून, डावे बुटांत. अकराव्या खुर्चीवर आमचे शेजारी बस्त्यावकाका. ते ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात दारू सोडत, त्यामुळे त्यांच्या घरचे वर्षभर उपवासकाळाची वाट बघत. मी जवळ जाताच त्यांनी मला खूण केली.

"बघ," ते पुटपुटले. "पुतणीच्या ब्युटी पार्लरमध्ये करून घेतलाय."

पाय खरंच बघण्यासारखा होता. टाच उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत, आणि त्याला गुलाबाचा वास येत होता. शेजारी बाबा सरळ समोर बघत बसले होते.

फादर ऑस्टिन प्रवचनाला उभे राहिले. थोडकंच बोलले. शेवटी म्हणाले, "आपल्याकडे एकच पाय धुण्याची रीत आहे. पण येशूने दोन्ही धुतले असावेत, असा माझा अंदाज आहे. आज आपण दोन्ही धुऊ."

बारा शिष्यांमध्ये जी हालचाल झाली, ती मूळ भोजनाच्या वेळी "तुमच्यातला एक जण मला धरून देईल" हे ऐकूनही झाली नसेल. नाइलाजाने बूट उतरू लागले. उजव्या पायांशेजारी डावे पाय आले, आणि ते भाऊ-भाऊ आहेत यावर कोणाचा विश्वास बसला नसता. भेगा, चिखल, केळीच्या चिकाचे काळे डाग, पिवळी नखं. पुढच्या बाकांवर बायकांनी तोंडाला पदर लावले. बस्त्यावकाकांनी पार्लरमध्ये एकच पाय करून घेतला होता. दुसरा त्यांनी खुर्चीखाली लपवायचा प्रयत्न केला, पण फादरांनी तो शोधून काढला, आणि मी सांगतो, इतक्या वर्षांत त्या विधीत पहिल्यांदाच पाणी खऱ्या अर्थाने गढूळ झालं. फादर मन लावून धूत होते. दोनदा पाणी बदलावं लागलं.

मग आम्ही बाराव्या खुर्चीपाशी आलो.

बाबांनी उजवा पाय पुढे केला. फादरांनी धुतला, पुसला, चुंबन घेतलं. मग हात पुढे धरून थांबले.

"दुसरा, डुमिंगकाका."

"दुसरा राहू द्या, फादर."

"का?"

"तो स्वच्छ आहे."

बस्त्यावकाका खाकरले. गायकवृंदाचं गाणं संपलं होतं. गायकांनी आमच्याकडे पाहिलं आणि शेवटचं कडवं पुन्हा सुरू केलं. तिसऱ्या बाकावर ग्लॅडिस उठून उभी राहिली होती, जणू बाबा कोसळले तर तिथून झेलणार होती.

फादर गुडघ्यांवरच होते. खालच्या आवाजात, फक्त आम्हाला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "काका, जखम असेल तर मी पाणी लावणार नाही. नुसता हातात धरतो."

"जखम नाही."

"मग?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाकले, वाकताना त्यांचा श्वास लागला, आणि स्वतःच्या हाताने बूट उतरवून, बोटांकडून सावकाश ओढत तो मोजा काढला. अंड्यातून पिल्लू काढावं तसा.

पाय चांगला होता. भेगा होत्या, पण सूज नाही, वास नाही, काही नाही. उन्हावाचून पांढरा पडलेला, म्हाताऱ्या शेतकऱ्याचा धडधाकट पाय. फक्त अंगठ्याचं नख फार वाढलं होतं, आणि त्या नखाच्या अगदी टोकाला, कडेला टवका गेलेली, लाल नेलपॉलिशची एक कोर होती.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मला ते ऐकू आलं आणि नाहीही आलं. मला ऑगस्टमधला एक रविवार दिसत होता.

आईचं मन शेवटची दोन वर्षं घरात राहत नव्हतं. कधी मी तिचा भाऊ असायचो, कधी पोस्टमन. बाबा बहुतेक वेळा रोजी असायचे, तिची धाकटी बहीण. पहिल्यापहिल्यांदा ते सांगायचे, "कत्रीन, अगं मी डुमिंग." तिला ते ऐकून इतकी भीती वाटायची की नंतर त्यांनी सांगणं सोडलं आणि रोजी होऊन टाकलं. त्या रविवारी मी बाहेरून आलो तर बाबा पलंगाच्या कडेला बसले होते, डावा पाय आईच्या मांडीवर. ग्लॅडिसची लग्नाआधीची नेलपॉलिशची बाटली तिला कुठल्याशा खणात सापडली होती.

"नीट बस, रोजी," आई म्हणत होती. "उद्या लग्न तुझं, आणि पाय बघ. शेतात लोळून आलीस की काय?"

"आले," बाबा म्हणाले.

"हलू नकोस. बाहेर जातंय."

मी हसलो. बाबांनी डोळ्यांनीच मला दटावलं. तिने पाचही नखं रंगवली, मग वाकून त्यांवर फुंकर घातली, बराच वेळ. बोटांना गुदगुल्या होत असणार, पण बाबा हलले नाहीत. मग ती थकली. बाटलीचं झाकण लावत म्हणाली, "दुसरा उद्या."

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. आठवडा संपायच्या आत आम्ही तिला दफन करून आलो होतो.

बाकीच्या बोटांवरचा रंग निघून गेला असणार. अंगठ्यावरचा राहिला आणि नख वाढेल तसा पुढे पुढे सरकत कडेला आला. पाणी लागू नये, घासला जाऊ नये, कोणी "शी, हे काय" म्हणून पुसून टाकू नये, म्हणून मोजा. नख कापलं की तेवढंही जाणार, म्हणून नख वाढलेलं.

फादरांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते जखम बघायला तयार होऊन आले होते. त्यांनी त्या अंगठ्याकडे पाहिलं, मग बाबांच्या तोंडाकडे. काही विचारलं नाही. त्यांनी आपला डावा हात अंगठ्यावर धरला, पेटलेल्या काडीला आडोसा करावा तसा.

"विल्सन, टाचेवर घाल," ते म्हणाले. "हळू."

मी घातलं. नखावर थेंब पडला नाही. त्यांनी टाच धुतली, घोटा धुतला, टॉवेलने टिपला, आणि मग वाकून त्या पायाचं चुंबन घेतलं, त्या लाल कोरेच्या जरा वर. बस्त्यावकाकांनी सगळं फूटभर अंतरावरून पाहिलं.

घरी येताना ग्लॅडिस आधी रडली आणि मग भडकली. "आठ महिने आम्हाला वाटतंय पाय सडतोय. सांगता नाही आलं?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"विचारलं नाही? हा रोज विचारत होता."

"हा विचारायचा, पायाला काय झालंय. पायाला काही झालं नव्हतं."

थोडं चालल्यावर बाबा म्हणाले, "फादरना दोन्ही पायांची बुद्धी कोणी दिली?"

ग्लॅडिस रस्त्याकडेच्या केळी बघू लागली.

"बारा जणांची लाज काढलीस," बाबा म्हणाले. "बस्त्याव पुढच्या वर्षीपर्यंत झोपायचा नाही." आणि ते हसले. आई गेल्यानंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं, त्यामुळे हसताहेत की खोकताहेत हे कळायला मला वेळ लागला.

शुक्रवारी ते क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला आले, मोजा घालून. शनिवारच्या जागरणाच्या मिस्सेला शेवटचा बाक सोडून मधे बसले. काही बायका पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरीपाशी जातात आणि तिथे त्यांना काही सापडत नाही, ते शुभवर्तमान वाचलं गेलं. बाबा ते मान पुढे करून ऐकत होते, जसं कोणी ओळखीच्या घरची बातमी ऐकावी.

ईस्टरच्या सकाळी स्वयंपाकघरात ग्लॅडिस इंद्यालाचं मटण शिजवत होती. चाळीस दिवसांनी घराला मसाल्याचा वास आला होता. बाबांनी ओटीवरून हाक मारली.

"विल्सन, नेलकटर आण."

मी गेलो. ते दोन्ही पाय उघडे टाकून बसले होते.

"मी कापू?"

"मला वाकवत नाही. कापत नसलास तर बस्त्यावच्या पार्लरला जातो."

मी खाली बसलो. नख जाड होतं, दोन-तीनदा दाबावं लागलं. लाल तुकडा टकदिशी उडून फरशीवर पडला. भाताच्या दाण्याएवढा. ग्लॅडिस चमचा हातात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. मी तुकडा उचलून तळहातावर घेतला.

"ठेवू या?" मी म्हणालो. "आईच्या फोटोमागे, एखाद्या डबीत."

बाबांनी तो माझ्या हातातून घेतला. उजेडात धरून पाहिला, बराच वेळ. मग ओटीखालच्या केळीच्या आळ्यात टाकून दिला.

"कशाला ठेवायचा?" ते म्हणाले. "ती काय त्यात आहे?"

मग ग्लॅडिसने डोळे पुसले, चमच्यासकट, आणि तिला काय वाटलं कोण जाणे, आत जाऊन ती जुनी बाटली घेऊन आली. तळाशी थोडा रंग अजून होता. ती बाबांच्या उजव्या पायाशी बसली.

"हा राहिला होता ना त्या दिवशी?"

बाबांनी पाय मागे घेतला. मंगळवारसारखा झटकन नाही, सावकाश.

"तो राहू दे," ते म्हणाले. "तो तिने उद्या म्हटलंय."

मग चपला घातल्या, दोन्ही पायांत नुसत्या चपला, आणि बस्त्यावकाकांना ईस्टरच्या शुभेच्छा द्यायला, म्हणजे त्यांचा डावा पाय कसा आहे विचारायला, निघून गेले.

त्यानंतर बाबा बरीच वर्षं जगले. साखरेने त्यांना काही केलं नाही. गेले तेव्हा आम्ही त्यांना लग्नातला काळा कोट घातला, आणि मोजे घालायची वेळ आली तेव्हा ग्लॅडिसने डाव्या पायात घातला आणि थांबली. माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. उजव्या पायाचा मोजा तिने घडी करून आपल्या पर्समध्ये टाकला.

शवपेटीपाशी काठी टेकत आलेल्या बस्त्यावकाकांनी वाकून पाहिलं. "अरे, घाईत एक मोजा राहिला की," ते म्हणाले.

"नाही काका," ग्लॅडिस म्हणाली. "आईचं काम राहिलंय तेवढं."